तो हात मी काढला होता

एसटीत असाल, होस्टेलच्या गच्चीवर असाल, किंवा भांडी घासताना फोन खिडकीत ठेवून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही म्हणून हे वाचतायत, त्यांचंही.

आजच्या भागात पाहुणे नाहीत. मी एकटीच बोलणार आहे. विषय आहे चित्रकला आणि विज्ञान जिथं एकमेकांना भेटतात ती जागा. नाव मोठं वाटतंय, पण घाबरू नका. ही जागा माझ्या घरापासून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठा. आणि आज मी तुम्हाला माझी एक चूकही सांगणार आहे. ती बरेच दिवस मनात होती.

आधी थोडं मागं जाते. मी जळगावची. आमच्याकडच्या प्रत्येक शाळेची एक सहल अजिंठ्याला जातेच. मी सहावीत असताना गेले. डब्यात पुरी-भाजी, रांगेत चालायचं, लेण्याबाहेर चपला काढायच्या. आत गेलो तर काळोख. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काहीच दिसेना. गाइडकाका हातातली बॅटरी फिरवत म्हणाले, "हे बघा पद्मपाणी." मला दिसला एक तपकिरी डाग. मागून ढकलाढकली झाली, बाई म्हणाल्या "चला चला, पुढे व्हा", आणि आम्ही बाहेर. निबंधात मात्र मी लिहिलं, "अजिंठ्याची चित्रे पाहून आम्ही थक्क झालो." थक्कबिक्क काही नाही. मला काही दिसलंच नव्हतं.

पुढं मी उपयोजित कला शिकले आणि आता डिझाइनची कामं करते. पोस्टर, पॅनेल, पुस्तकांची मुखपृष्ठं, जे येईल ते. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाचं काम आलं. विषय अजिंठा. मोठमोठी पॅनेल करायची होती, सहा-सहा फुटांची. आयोजकांनी फोटो पाठवले आणि एकच सूचना दिली, "जरा फ्रेश दिसू द्या. लोकांना फाटकंतुटकं बघायला आवडत नाही."

त्यातला एक फोटो सतरा क्रमांकाच्या लेण्यातला होता. गर्दीतली एक बाई, किंचित मान वळवलेली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत आहे. त्यापुढं काही नाही, गिलावाच पडलाय. मी काय केलं? तेवढा भाग सिलेक्ट केला, एआयचं बटण दाबलं. दहा सेकंदांत हात आला. नाजूक बोटं, बोटांत एक फूल. रंगही अगदी जुळलेला. मी खूश, आयोजक त्याहून खूश.

आता ही गोष्ट इथं थांबवते, कारण पुढचं कळायला आधी त्या भिंतीबद्दल थोडं कळायला हवं.

भिंत कशी बनली

अजिंठ्यात वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर तीसेक लेणी आहेत. काही इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, सातवाहनांच्या काळातली. बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. डोंगर म्हणजे आपला दख्खनचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

कारागिरांनी छिन्नीनं भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली, म्हणजे गिलावा धरून राहील. त्यावर मातीचा गिलावा. त्यात वाळू, भाताचं तूस, गवताचे तंतू. थोडक्यात, आजीच्या गावच्या कुडाच्या घराची भिंत आठवा. त्याच घराण्यातली ही भिंत. वर बारीक मातीचा दुसरा थर आणि त्यावर अगदी पातळ पांढरा लेप. तो वाळला की मग चित्र.

इथं एक गंमत आहे. आपण सर्रास म्हणतो, 'अजिंठ्याची फ्रेस्को चित्रं'. माझ्याही पॅनेलवर तसंच छापलं होतं. पण खरा फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवणं. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे दगड बनतो आणि रंगाचे कण त्या दगडात कायमचे अडकतात. इटलीतली प्रसिद्ध भित्तिचित्रं तशी आहेत. अजिंठ्याचं तसं नाही. इथं वाळलेल्या भिंतीवर रंग लावलाय, आणि रंगाला धरून ठेवायला सरस किंवा डिंकासारखं चिकट द्रव्य वापरलंय. म्हणजे ओलं फडकं फिरवलं तर रंगच निघून येण्याची भीती. ही भिंत स्वच्छ करणं इतकं अवघड का, त्याचं एक कारण हे.

आणि रंग कुठले? लाल म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. दोन्ही लोहाची संयुगं. काळा म्हणजे दिव्याची काजळी. पांढरा म्हणजे चुना, जिप्सम, केओलिन अशा पांढऱ्या मात्या. हिरवा म्हणजे हिरवी माती. ही हिरवी माती आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडते. म्हणजे डोंगराचाच रंग काढून डोंगरालाच लावला.

फक्त एक रंग इथला नाही. निळा. तो लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून. सगळ्यात जुन्या लेण्यांच्या चित्रांत, म्हणजे नऊ आणि दहा नंबरच्या, हा निळा दिसत नाही. पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसतो. विचार करा, ना ट्रक ना कुरिअर. उंटांच्या आणि बैलांच्या पाठीवरून, नाहीतर गलबतातून एक निळा दगड कुठून कुठं आला, कुटला गेला आणि कुणाच्या तरी डोळ्यांच्या कडेला लागला. हे आपल्याला कसं कळलं? रंगाचा अगदी बारीक कण घ्यायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, त्यातली मूलद्रव्यं आणि स्फटिकांची रचना ओळखायची. रसायनशास्त्रानं व्यापाराचा रस्ता दाखवला, असं म्हणा हवं तर.

आणखी एक असंच. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञानं आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात चक्क भांगेच्या झाडाचे तंतू निघाले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. अजिंठ्याची चित्रं किडीनं जास्त खाल्ली, वेरूळची कमी, त्यामागं हे एक कारण असावं असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चित्र टिकलं की नाही, याचं उत्तर चित्रकाराच्या हातात होतंच, पण गिलावा कालवणाऱ्याच्या हातातही होतं. त्या माणसाचं नाव कुठं नाही.

नकला, आगी आणि भूकंप

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथं पोचला. दहा नंबरच्या लेण्यात चित्रावरच त्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल ही तारीख कोरली. ते अजून आहे. आणि ते आपल्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात इतका माती-दगडांचा ढीग साचला होता की तो त्यावर उभा होता. आज आपण किल्ल्यावर 'अमुक लव्ह तमुक' लिहिणाऱ्यांना नावं ठेवतो. त्यांचे पूर्वज फार लांबचे नाहीत.

१८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं इथं राहून चित्रांच्या मोठ्या तैलरंगी नकला केल्या. जवळजवळ वीस वर्षं. गिल आणि पारू ही गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, सिनेमाही आला. पण नकलांचं काय झालं, ते सिनेमाइतकं कुणी लक्षात ठेवत नाही. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या. १८६६ मध्ये तिथं आग लागली. सत्तावीसपैकी फक्त चार वाचल्या, कारण त्या तिथं नव्हत्या.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. वर्षामागून वर्षं येत राहिले. मुंबईची मुलं, अंधारी लेणी, उंच परांच्या, वटवाघळं आणि तासन् तास एकच चेहरा. तीनशेच्या आसपास चित्रं झाली. ती पुन्हा लंडनला गेली आणि १८८५ मध्ये तिथंही आग लागली. शंभराहून जास्त चित्रं गेली. उरलेली आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

पुढं १९१६ ते १९१८ मध्ये अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार आला. त्याला भारतात बोलावलं होतं रवींद्रनाथ टागोरांनी. त्यानं जपानी कागदावर नकला केल्या आणि टोकियोला नेल्या. १९२३ साली टोकियोत प्रचंड भूकंप झाला. त्यात त्याही गेल्या.

दोन आगी आणि एक भूकंप. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, शापबिप आहे की काय म्हणून. नंतर हसू गेलं. कारण मधल्या काळात मूळ भिंतही थांबलेली नव्हती. पावसाचं पाणी झिरपत होतं, कसर आणि इतर कीड गिलाव्यातलं तूस खात होती, वटवाघळं होतीच, माणसंही तुकडे काढून नेत होती. परिणाम असा झाला, की जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांमध्ये काही ठिकाणी असं काही आहे जे आज भिंतीवर उरलेलं नाही. तिथं आता नक्कल हाच पुरावा आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. नक्कल हाच पुरावा आहे. माझ्या त्या हाताकडं परत येताना ते लागणार आहे.

चांगल्या मनानं लावलेलं व्हार्निश

१९२० च्या सुमाराला अजिंठा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला. ते काम मोलाचं होतं, त्यामुळं पुष्कळ चित्रं पडता पडता वाचली. पण त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निशही लावलं. हेतू चांगला होता. रंग उठून दिसावेत, वर संरक्षक थर बसावा.

लाखेचा थर सुरुवातीला चकचकीत दिसतो. वर्षं जातात तशी त्याच्यावर हवेची आणि प्रकाशाची रासायनिक प्रक्रिया होते आणि तो पिवळा, मग तपकिरी होतो. पिवळा थर निळा प्रकाश अडवतो. म्हणजे बदख्शानहून आलेला तो निळा आता मळकट हिरवा नाहीतर काळपट दिसणार. वर धूळ, काजळी, वटवाघळांची घाण त्या थराला चिकटत गेली. अनेक पिढ्यांनी जे अजिंठा पाहिलं, ते या चष्म्यातून पाहिलं. मी सहावीत पाहिलेला तपकिरी डागही बहुधा तसाच काहीसा होता.

१९९९ पासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी, राजदेव सिंग आणि नंतर मॅनेजर सिंग यांच्या देखरेखीखाली, हा थर उतरवण्याचं काम हाती घेतलं. हे काम म्हणजे इंच-इंच. आधी कोपऱ्यात चाचणी, मग योग्य द्रावण, मग हलक्या हातानं थोडा थोडा थर मऊ करून काढायचा आणि खालच्या रंगाला धक्का लावायचा नाही. दहा नंबरच्या लेण्यात या सफाईनंतर दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा दिसू लागले.

यावरून मला एक गोष्ट कळली. चित्राचं नुकसान फक्त वाईट माणसं करतात असं नाही. 'जरा फ्रेश दिसू द्या' म्हणणारेही करतात.

प्रकाश गोळा करणं, फरक ताणणं

आता तुमच्या हातातल्या फोनकडं येऊ.

लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे, आणि बरोबर आहे. रंग दगड-मातीचे, म्हणून टिकाऊ, पण त्यांना धरणारं चिकट द्रव्य सेंद्रिय. त्यात आपला श्वास, घाम, दमटपणा. तेव्हा प्रश्न असा, की प्रकाश न टाकता अंधारातलं चित्र टिपायचं कसं?

बिनॉय बहल या छायाचित्रकारानं १९९१ च्या सुमाराला याचं उत्तर शोधलं. लेण्यात जेवढा मंद प्रकाश आहे तेवढ्याच प्रकाशात, कॅमेरा स्थिर ठेवून, बराच वेळ शटर उघडं ठेवायचं. थेंब थेंब करत प्रकाश फिल्मवर साचू द्यायचा. त्या फोटोंनी जगाला अजिंठ्याचे रंग पहिल्यांदा नीट दाखवले. डोळ्यांना जे दिसत नाही ते फोटोत आलं, कारण डोळा प्रकाश साठवत नाही, फिल्म साठवते.

तुमच्या फोनचा नाइट मोड हेच करतो, फक्त वेगळ्या रीतीनं. हातात फोन हलतो, म्हणून तो एक लांब फोटो न काढता पटापट अनेक छोटे फोटो काढतो, एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. समजा वर्गात प्रचंड गोंगाट आहे आणि बाई एक वाक्य बोलल्या. तुम्हाला अर्धवट ऐकू आलं. त्यांनी तेच वाक्य नऊ वेळा म्हटलं तर? गोंगाट दर वेळी वेगळा असतो, वाक्य मात्र तेच. त्यामुळं हळूहळू वाक्य वर येतं आणि गोंगाट मागं पडतो. फोटोतले दाणे म्हणजे तो गोंगाट. नऊ फोटोंची सरासरी काढली तर दाणे साधारण एक तृतीयांश होतात. नऊचं वर्गमूळ तीन, हिशोब तिथून येतो. दहावीचं गणित कुठं वापरलं जातं, विचारत होता ना?

दुसरी युक्ती याहून भारी आहे. तिचं नाव डीकोरिलेशन स्ट्रेच. ती वाढली उपग्रहांच्या चित्रांसाठी, नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत. वरून पाहिलं तर सगळी जमीन सारखीच तपकिरी दिसते. पण त्या तपकिरीत बारीक बारीक फरक असतात, कुठं लोह जास्त, कुठं माती वेगळी. गणितानं ते फरक शोधायचे आणि रबर ताणावं तसे ताणायचे. मग पुसट फरक भडक रंगांत समोर येतो. जॉन हारमन यांनी हेच तंत्र गुहाचित्रांसाठी वापरलं आणि डीस्ट्रेच नावाचं साधन तयार केलं. ज्या कातळावर डोळ्याला काही दिसत नाही, तिथं गेरूनं काढलेले हरीण, माणसं, हाताचे ठसे दिसायला लागतात. रंग अगदी विचित्र येतात, जांभळे, पोपटी. पण ते मुद्दाम. हे खोटे रंग आहेत, हे बघताक्षणी कळतं.

तिसरी युक्ती इन्फ्रारेडची. आपल्याला न दिसणाऱ्या या प्रकाशात काजळीची रेघ काळीच राहते, गेरूसारखे रंग मात्र बरेच फिके पडतात. त्यामुळं वरच्या रंगाआड दडलेली चित्रकाराची काजळी रेघ दिसू शकते. आधी हात इथं काढला होता, मग थोडा खाली घेतला, असले बदलही कधी कधी सापडतात. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं खोडरबर सापडल्यासारखं वाटतं.

आता बघा. या तिन्ही युक्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. भिंतीवर जे आहे तेच त्या दाखवतात. एक तिथला प्रकाश गोळा करते, दुसरी तिथला फरक ताणते, तिसरी दुसऱ्या प्रकाशात बघते. कुणीही भिंतीला काही नवीन देत नाही.

आणि मी वापरलेलं बटण? त्यानं भिंतीकडं पाहिलंच नाही. त्यानं इंटरनेटवरचे लाखो हात पाहिलेले आहेत. कोपराच्या पुढं बहुतेक वेळा काय असतं, याचा त्यानं अंदाज बांधला आणि तो इतका छान रंगवला की शिवण कुठं आहे ते मलाही सापडेना. हल्ली काही फोनचे कॅमेरेही फोटो 'सुधारताना' असा थोडाफार अंदाज घुसवतात. आपल्याला वाटतं, झूम भारी आहे.

सर आणि तो मुलगा

आता प्रदर्शनाच्या दिवसावर येते.

दुपारची वेळ. शाळांच्या रांगा येऊन जात होत्या. आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर आले होते. निवृत्त झालेत आता, पण प्रदर्शन म्हटलं की झोळी घेऊन हजर. मी धावत जाऊन पाया पडले. त्यांना सगळी पॅनेल दाखवायला लागले. त्या बाईपाशी सर थांबले. चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळ गेले.

"काय गं, हा हात कुठून आणलास?"

मी म्हटलं, "सर, तिथं गिलावा पडलेला होता. मी पूर्ण केला."

"तू पूर्ण केलास? म्हणजे तुला माहीत होतं तिच्या हातात काय होतं ते?"

मी गप्प.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अजिंठ्यात हाताकडे बघायचं असतं. तोंडं पुष्कळदा सारखी असतात. हात बोलतात. ही काही देत असेल, काही मागत असेल, कुणाला थांबवत असेल. तू तिच्या हातात फूल दिलंस. आता ती सजलेली बाई झाली. कदाचित ती भिक्षा वाढत असेल." मग थोडं थांबून म्हणाले, "ग्रिफिथ्सची नक्कल बघितलीस का?"

मी नव्हती बघितली. ग्रिफिथ्सचे १८९६-९७ मध्ये छापलेले दोन मोठे ग्रंथ आहेत, ते स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडं वेळ नव्हता असंही नाही. बटण होतं, म्हणून शोधलं नाही. एवढंच खरं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाजूला एक मुलगा दिसला. सातवीतला वगैरे असेल. फरशीवर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन त्या बाईचं चित्र काढत होता. आणि काय काढत होता? हात. तोच हात. जीभ दातात धरून बोटांची वळणं गिरवत होता. मला बघून म्हणाला, "ताई, बोटं जमत नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वी कसं जमत असेल हो त्यांना?"

मंडळी, मी त्याला तेव्हा काहीच सांगितलं नाही. सर होते, त्याच्या बाई हाक मारत होत्या, मला शब्द सुचेना. तो वही मिटून रांगेत निघून गेला. कोणती शाळा तेही मी विचारलं नाही.

त्या रात्री मी ग्रिफिथ्सची पानं उघडून बसले. एक गोष्ट बघून अंगावर काटा आला. जे. जे. च्या त्या विद्यार्थ्यांनी जिथं चित्र होतं तिथं चित्र रंगवलंय, आणि जिथं गिलावा पडला होता तिथं पडलेला गिलावा रंगवलाय. तो खरबरीत भाग, त्या फाटक्या कडा, सगळं तैलरंगात, मन लावून. ती मुलं शिकलेली होती. त्यांना हात काढता येत नव्हता का? माझ्यापेक्षा हजारपट चांगला आला असता. पण नसलेला हात त्यांनी काढला नाही. म्हणून आज त्यांची नक्कल पुरावा आहे, आणि माझं पॅनेल नाही.

मग काय करायचं?

मोकळी जागा भरायचीच नाही का? तसं नाही. इटलीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला बॉम्बनं उद्ध्वस्त झालेली भित्तिचित्रं जोडताना हाच प्रश्न आला होता. रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी त्यावर एक रीत बसवली. गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून बघितलं तर डोळ्याला तुटक वाटत नाही, चित्र एकसंध दिसतं. जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं, हा भाग नवा आहे. प्रेक्षकाला चित्रही मिळतं आणि खरंही कळतं.

आपण हे फोनवर, लॅपटॉपवर सहज करू शकतो. मी आता तीन नियम पाळते. मूळ फोटोची फाइल कधीच बदलायची नाही. भरलेला भाग वेगळ्या लेयरवर ठेवायचा, म्हणजे एका क्लिकवर काढता येतो. आणि छापताना तो भाग फिकट किंवा रेघांचा करायचा, खाली लिहायचं की हा अंदाज आहे आणि अंदाज कशावरून केला. एआयला माझा विरोध नाही. उलट, हातात फूल असेल, पात्र असेल की रिकामाच असेल, असे पाच वेगवेगळे अंदाज शेजारी शेजारी ठेवले, तर बघणारा स्वतः विचार करायला लागेल. एकच अंदाज खरा म्हणून भिंतीवर चढवला की विचार थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयोजकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, कुणाला कळतंय? लोक सेल्फी काढतायत त्याच्यासमोर." नवीन पॅनेल छापायला पैसे नव्हते. मग मी एक पांढरी पट्टी कापली, मार्करनं लिहिलं, 'कोपरापुढचा हात मूळ चित्रात नाही. तो संगणकाच्या मदतीने मी भरला आहे.' आणि फुलाच्या बरोबर खाली चिकटवली. वाकडी बसली. प्रदर्शन संपेपर्यंत तशीच होती. गंमत म्हणजे, लोक त्याच पॅनेलसमोर जास्त वेळ थांबायला लागले. पट्टी वाचायचे, मग हाताकडं बघायचे, मग इतर पॅनेलकडं वळून विचारायचे, "ह्याच्यात पण काही भरलंय का?"

आणि हो, मी पुन्हा अजिंठ्याला गेले. एकटी, पहिल्या एसटीनं, गर्दी व्हायच्या आत. यावेळी आत जाऊन लगेच फोन काढला नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, चांगली दहा-पंधरा मिनिटं. सहावीत आम्हाला दोनच मिनिटं मिळाली होती. हळूहळू भिंत उजळत गेली. सतरा नंबरमध्ये ती बाई सापडली. कोपर, आणि पुढं नुसती माती. त्या मातीत तुसाचे तंतू दिसत होते. कुणीतरी ते हातानं कालवले होते. मी त्या मोकळ्या जागेचाच फोटो काढला.

तर जाल तेव्हा फ्लॅश बंद ठेवा, आधी डोळ्यांनी बघा, मग नाइट मोड लावा आणि फोन स्थिर धरा. घरी येऊन फोटो उजळा, फरक ताणा, काय वाटेल ते करा. फक्त मूळ फोटो जपून ठेवा.

आणि एक विनंती. दोन वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या एका प्रदर्शनात फरशीवर बसून तू एका बाईचं चित्र काढलं असशील, हातात फूल असलेलं, आणि हे आज ऐकत असशील, तर ऐक. तुझी बोटं छान जमली होती. पण तो हात दीड हजार वर्षांपूर्वीचा नव्हता. तो मी काढला होता. तेव्हा सांगायला हवं होतं, राहून गेलं. वहीत त्या पानावर तेवढं लिहून ठेव.

भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडं अजिंठ्याच्या सहलीचा एखादा जुना फोटो असेल, अगदी घरच्या अल्बममधला, तर नीट ठेवा. मागच्या भिंतीचा एखादा कोपरा त्यात आला असेल. काळजी घ्या. नमस्कार.